कापडावरचा उरलेला तुकडा

"उरलाय," बाबालालचाचा म्हणाले.

मी गाडीखालून बाहेर आले. हात धुऊन पुसतच होते, तोवर ते शेडच्या मधोमध अंथरलेल्या पांढऱ्या कापडाशी जाऊन उभे राहिले होते. सकाळी त्या कापडावर पुढच्या चाकांचे, ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे मिळून शंभरएक पार्ट ओळीनं मांडलेले होते. आता कापड रिकामं होतं. फक्त कोपऱ्यात एक तुकडा पडला होता.

चाचांची कामाची रीतच तशी होती. गाडी उघडताना निघेल तो पार्ट कापडावर डावीकडून उजवीकडं मांडायचा, जोडताना उजवीकडून उचलत यायचं. कापड रिकामं झालं की ते घडी घालायचे आणि मगच चावी हातात द्यायचे. कापडावर काही उरलं असेल तर चावी नाही. आणि जोडायचं काम ज्याची गाडी त्यानं स्वतः करायचं. ते स्टुलावर बसून नुसते बघायचे.

"कसला पार्ट आहे हा?" मी विचारलं.

"तू सांग. कॅटलॉग तुला पाठ हाय न्हवं?"

हा टोमणा होता, आणि मला तो लागायचाच होता. कोल्हापुरात माझ्या वडिलांचं मोटारींच्या सुट्ट्या भागांचं दुकान होतं. मी अक्षरं शिकले तीच खोक्यांवरची. किंगपिन, टायरॉड, बुश, ऑइलसील, काहीही विचारा, नंबरासकट सांगायची. गिऱ्हाइकं कौतुक करायची आणि मी फुगायची. प्रत्यक्षात त्यातला निम्मा माल गाडीत कुठं बसतो हे वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हतं. ते चाचांकडं आल्यावर कळलं.

मी तुकडा उचलला. चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, लंबगोल, पातळ, मधे भोक. कडा इतक्या गुळगुळीत की बोट घसरावं. भोक कुठल्याच बोल्टच्या मापाचं नव्हतं. आणि तो कोमट होता. तासभर गार फरशीवर पडलेलं लोखंड कोमट कसं असेल, असं मनात आलं आणि लगेच गेलं. मार्च होता, वर पत्रे तापले होते.

"जादाचा असेल," मी म्हणाले. "पाच गाड्यांची मिळून एक गाडी केलीय आपण. कुठल्यातरी एकीतला राहिला असेल."

चाचा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग स्टुलावर जाऊन बसले.

"उघड," म्हणाले. "परत सगळं उघड."

त्या गाडीबद्दल सांगायला हवं. सांगाडा एका जुन्या इंग्रजी गाडीचा, भंगारात गंजत पडलेला. टप आम्ही कापून टाकला होता. इंजिन दुसऱ्या गाडीचं, गिअरबॉक्स जीपचा, ब्रेक चौथ्याच कुणाचे. दीड वर्ष मी रोज दुकान बंद झाल्यावर उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये जात होते. गल्लीत तिला बिनटोपीची म्हणायचे, आणि माझ्याबद्दल काय म्हणायचे ते मी ऐकून घेत नव्हते.

हे सगळं आप्पांसाठी, माझ्या वडिलांसाठी होतं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांना पार्ट विकले, स्वतःची गाडी कधी झाली नाही. "एकदा माझ्या गिरजानं गाडी चालवावी, मी शेजारी बसावं आणि पन्हाळ्याचा घाट चढून वर जावं," असं ते मी शाळेत असल्यापासून म्हणायचे. आता त्यांचं हृदय थकलं होतं. पुढच्या मंगळवारी मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यात दिलासा कमी होता. मधे एकच रविवार होता, आणि तुकडा उरला तो दिवस सोमवार होता. म्हणजे माझ्या हातात सहा दिवस होते.

त्या आठवड्यात दुकान बंदच ठेवलं. सोमवार संध्याकाळ आणि मंगळवार मी सगळं उघडलं. बुधवारी एकेक पार्ट मोठ्यानं नाव घेत, बोटानं दाखवत जोडला. एकही हुकला नाही याची मी शपथ घेतली असती. शेवटचं चाक चढवलं, नळावर जाऊन हात धुतले, परत आले. तुकडा कापडावर होता. त्याच कोपऱ्यात.

या वेळी मला तो उचलवेना. शेवटी उचलला, तर कोमट. त्या दिवशी आभाळ होतं, पत्रे गार होते.

"चाचा, हा जोडताना कापडावर नव्हता. मी बघितलंय."

"मग आला कुठनं?"

"तेच विचारतेय."

"उघड," ते म्हणाले.

"अहो, रविवार तोंडावर आलाय!"

"गाडीला रविवार ठावं नसतोय, अक्का."

मी चिडून तो तुकडा रुमालात बांधला आणि घरी घेऊन गेले. आप्पा खाटेवर पडून होते. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी पार्ट ओळखायचे हा त्यांचा लाडका खेळ, आणि त्यांना हरवणारा कोल्हापुरात कुणी नव्हता. मी काही न बोलता तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. अंगठा कडेवरून फिरवला, भोकावर करंगळीचं टोक टेकवून बघितलं. मग अंगठा थांबला.

"कुठं मिळाला?"

"शेडमध्ये. ओळखलात?"

"न्हाई." त्यांनी तो घाईनं माझ्या हातात परत कोंबला. "पण याच्यावर कुणाचा तरी हात फिरलाय, गिरजे. लई वर्षं. रोज. लोखंड असं आपोआप झिजत न्हाई. जिथला हाय तिथं नेऊन ठेव जा."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. गुरुवारी सकाळी मी तुकडा कापडावर ठेवून दिला आणि तिसऱ्यांदा गाडी उघडली. दुपारी मान वर करून बघितलं तर कापडावरून तो गेला होता. चाचा दारात पाठमोरे उभे होते आणि कुणाशीतरी हळू आवाजात बोलत होते. दारात दुसरं कुणीच नव्हतं. मी परत गाडीखाली सरकले आणि काम करत राहिले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

शुक्रवारी चाचा दुपारच्या नमाजाला निघाले. जाताना म्हणाले, "अंगात कणकण हाय. तसाच घरी जाईन. तू एकटी जोड. आता मला बघायची गरज न्हाई. कापड तेवढं रिकामं झालं पायजे."

मी एकटीनं जोडायला घेतलं. चार वाजता वीज गेली. आसपासची लेथ मशिनं एकदम बंद पडली आणि उद्यमनगरात कधी नसते तशी शांतता झाली. एवढ्या शांततेत प्रत्येक नट पिळताना होणारा आवाज मला दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखा वाटत होता. दोनदा मी मागं वळून बघितलं. घाई करत होते, नावं घ्यायची सोडून दिली होती, आणि मनात एकच होतं की अंधार पडायच्या आत इथून बाहेर पडायचं. शेवटचं चाक आवळलं तेव्हा साडेसहा झाले असतील. मी उठले, कापडाकडं बघितलं.

कोपऱ्यात तुकडा होता.

मी ओरडले, असं शेजारच्या शेडमधल्या माणसानं मागाहून सांगितलं. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी हातपुसण्याचं फडकं त्याच्यावर टाकलं, फडक्यातच गाठ मारून तो मुठीत धरला आणि सायकलवर बसून निघाले. फडक्यातूनसुद्धा तो गार लागत होता. रंकाळ्याच्या काठावर फिरायला आलेली माणसं होती, भेळेच्या गाड्या होत्या. मी कठड्याशी जाऊन फडक्याची गाठ तशीच पाण्यात भिरकावली. ती बुडालेली बघितली आणि मगच श्वास सोडला.

शनिवारी सकाळी हलक्या पायानं शेडमध्ये गेले. चाचा स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर कापड पसरलेलं होतं आणि कापडाच्या मधोमध तोच तुकडा होता. लंबगोल, गुळगुळीत, कोरडा.

मी दारातच थांबले.

"काल कापड रिकामं झालं?" चाचांनी विचारलं.

खरं सांगायची तीच वेळ होती. पण खरं सांगितलं तर ते म्हणणार, उघड. आणि उघडलं तर रविवार गेला. आणि समोर तो होता, पाण्यातून परत आलेला. मला तिथून फक्त पळायचं होतं.

"झालं," मी म्हणाले.

"एकबी उरला न्हाई?"

"नाही, चाचा."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मी नजर खाली केली. "बस जरा. तुला कायतरी सांगायचं हाय, या तुकड्याचं."

"उद्या सांगा. आप्पा घरी वाट बघतायत." मी चावी घेतली आणि जवळजवळ धावतच बाहेर पडले.

रविवारी सकाळी आप्पा रिक्षातून शेडवर आले. कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. बिनटोपीच्या गाडीत टोपी घालून बसणार म्हणून स्वतःवरच हसत होते. मी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं. तेव्हा चाचा जवळ आले. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून तो तुकडा काढला आणि तळहातावर धरला.

"भिऊ नगंस. ह्यो माझा हाय," ते म्हणाले. "आप्पासाब, तुमाला माझा धाकटा भाऊ आठवतोय? गुलाब?"

आप्पांनी मान डोलावली.

"एकोणीस वर्सं झाली. त्याची गाडी मीच जोडल्याली. कापडावर ही एक लॉक वायसर उरली. हिला दोन कान असत्यात, ते बोल्टच्या डोक्यावर वळवून दाबायचं, म्हंजे हादऱ्यानं बोल्ट ढिला व्हत न्हाई. स्टिअरिंगच्या दांड्याची. मी म्हटलं, जादाची असंल. त्यो आंबा घाटात गेला आणि वळणावर चाक फिरवलं, तर चाकच ऐकंना." त्यांनी तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तवापासनं ही खिशात असती. हात लागून लागून कान झिजलं, कडा झिजल्या. आता हिला कोण वळखत न्हाई. परत्येक गाडीच्या टायमाला गाडीवाला हात धुवायला गेला की मी गुमान कापडावर ठेवतो. जो म्हणतो जादाचा असंल, त्याला मी उघडायला लावतो. तुला सोमवारी ठेवला, बुधवारी ठेवला. त्यापेक्षा जास्त मी कुणालाच ठेवत न्हाई. गुरुवारी परत खिशात घातला. तिसऱ्यांदा तू माझ्याबिगर जोडलीस आणि कापड रिकामं केलंस. आता तू मिस्त्री झालीस, अक्का."

मी हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. भूत नव्हतं, काही नव्हतं. एक दुःखी म्हातारा होता आणि त्याचा खिसा होता, म्हणून तो तुकडा कोमट असायचा. मी वाकून चाचांच्या पायांना हात लावला, गाडी सुरू केली आणि आम्ही निघालो.

पंचगंगेचा पूल गेला. दोन्ही बाजूंना ऊस. वारा तोंडावर येत होता, आप्पांनी टोपी काढून मांडीवर धरली होती. लोक वळून बघत होते आणि आप्पा प्रत्येकाला हात करत होते, सगळा गाव ओळखीचा असल्यासारखे. मी आयुष्यात इतकी सुखात कधी नव्हते.

"चांगला माणूस," आप्पा म्हणाले. "एवढं दुःख खिशात घालून फिरायचं म्हंजे."

"हो ना. सोमवारी ठेवला, बुधवारी ठेवला. मी उगीच घाबरले."

मी हे बोलले आणि माझं बोलणं माझ्याच कानांवर पडलं.

सोमवारी ठेवला. बुधवारी ठेवला. शुक्रवारी चाचा नमाजाला गेले होते आणि तुकडा त्यांच्या खिशात होता. तो पाण्यातून परत आला नव्हता. तो पाण्यात गेलाच नव्हता.

मग मी रंकाळ्यात काय फेकलं?

तो गार होता. फडक्यातूनसुद्धा गार लागत होता. मी बघितलं नव्हतं. अंधार होता, मी भ्याले होते, आणि तोच असणार म्हणून उघडून बघायची मला गरज वाटली नव्हती.

वाघबिळापाशी पन्हाळ्याची चढण सुरू होते. समोर गडाचा डोंगर दिसायला लागला होता. मी स्टिअरिंग अगदी थोडं डावीकडं वळवलं. गाडी वळली, पण जराशी उशिरा. परत उजवीकडं. परत उशिरा. निघताना असं होत नव्हतं, याची मला खात्री होती. मी पाय ब्रेकवर ठेवला आणि गाडी रस्त्याच्या कडेला, एका आंब्याखाली हळूच थांबवली.

"का गं?"

"बघते जरा."

मी रस्त्यावर आडवी झाले आणि डाव्या चाकाच्या मागं हात घातला. स्टिअरिंगच्या दांड्याला दोन बोल्ट होते. एकाखाली वायसर होती, कान नीट वळवलेले. दुसऱ्याखाली काही नव्हतं. तो बोल्ट मी पान्याशिवाय, दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला. नटाच्या तोंडाशी आला होता. मी नटात अडकून राहिलेले आटे मोजले.

तशीच किती वेळ पडून राहिले कुणास ठाऊक. वरून आप्पांचा आवाज आला. मी उठले आणि त्यांच्या दारापाशी रस्त्यावर बसले. शुक्रवारचं, रंकाळ्याचं, शनिवारच्या खोट्याचं, सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आवरत नव्हतं.

"मी मारलं असतं तुम्हाला, आप्पा. चार वळणांनंतर."

आप्पा समोर घाटाकडं बघत होते.

"आटे किती राहिलं होतं?"

"दोन."

"दोन म्हंजे पुष्कळ की," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, एसटीनं वर जाऊ, एसटी येईलच. ते म्हणाले, एसटीनं काय, शंभरदा गेलोय. मग आम्ही आंब्याखाली बसलो. आईनं दिलेली भाकरी आणि झुणका खाल्ला. ऊन चढत होतं आणि गडाची तटबंदी स्वच्छ दिसत होती. खाता खाता आप्पा एकदम थांबले.

"हे बाबालालला सांगू नगंस."

"का? मी खोटं बोलले ते त्यांना कळायला हवं."

"तुझं खोटं न्हवं गं. त्याचा तुकडा. तो ठेवला नसता तर तू भ्याली नसतीस. भ्याली नसतीस तर शुक्रवारी उरलेलं काय हाय ते बघितलं असतंस. एक भाऊ गेला म्हणून तो बिचारा एकोणीस वर्सं लोकांना वाचवतोय. त्यानंच दुसरा घात झाला असता, हे त्याला कळलं तर तो जगायचा न्हाई."

आप्पांना मी एसटीत बसवून दिलं. दोन्ही बोल्ट पान्यानं आवळले, शेजारच्या कुंपणाची तार काढून एकमेकांना घट्ट बांधले आणि माणूस चालतो त्या वेगानं एकटीनं गाडी परत आणली. शेडकडं नेली नाही. सरळ घरामागं लावली.

आप्पा मंगळवारी मिरजेला गेले ते परत आले नाहीत. चाचा त्यानंतर बावीस वर्षं जगले. गेल्या पावसाळ्यात ते गेले, म्हणून आज हे लिहिता येतंय. ती गाडी मी पुढं पुष्कळ चालवली, पण पन्हाळ्याच्या रस्त्याला कधी लागले नाही. लोक विचारायचे, एवढी हौसेनं केलेली गाडी, गडावर का नाही नेत? मी काहीतरी थाप मारायची.

पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी चाचा आमच्या घरी आले होते, आप्पांना निरोप द्यायला. कुठल्याशा दर्ग्यातली राख पुडीत बांधून आणली होती. खाटेच्या कडेला बसले, आप्पांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडं वळले.

"घाटात कशी चालली गं गाडी?"

आप्पा माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीकडं बघत होते.

"लोण्यासारखी," मी म्हणाले. "एकदाही हात जड झाला नाही."

चाचांनी डोळे मिटले. ते मिटलेले डोळे ओले झाले. मग त्यांनी आप्पांना विचारलं, "मग? बघितला का गड, आप्पासाब?"

"बघितला की," आप्पा म्हणाले. "सगळा बघितला."